संध्याकाळचे पाय

अक्का, काल तुमच्या तेराव्याला गिरीश सगळ्यांसमोर माझ्या पाया पडला. म्हणाला, "काकू होत्या म्हणून आई शेवटपर्यंत स्वतःच्या घरात, स्वतःच्या मर्जीनं राहिली." जमलेल्यांनी माना हलवल्या. मी पदर सावरत आत गेले आणि धुतलेली पातेली उगीचच पुन्हा धुतली. चार माणसांत मला बोलता येत नाही हे तुम्हाला माहीत आहेच. पण काल मी गप्प राहिले ते बुजरेपणानं नाही. तुमचा मुलगा ज्यासाठी माझ्या पाया पडला ते मी केलंच नव्हतं. मी केलं होतं ते वेगळंच.

म्हणून ही वही काढली. निपाणीकडच्या शाळेत चौथीपर्यंत गेले, त्यानंतर लिहिणं म्हणजे गिऱ्हाइकांच्या साड्यांना चिठ्ठ्या लावणं. "निळी, जरीकाठ, मंगळवार." एवढ्यावर माझी लेखणी थांबायची. हे कुणी वाचायचं नाही. तुमच्याशी बोलायचं राहिलं, म्हणून लिहिते.

तुम्ही म्हटलं की मला आधी ते टेबल दिसतं. चामराजपेटच्या आपल्या पुढच्या खोलीतलं, भाऊजी ज्याच्यावर कापड बेतायचे ते. भाऊजी वारल्यावर तुम्ही शिवणाच्या मशिनी विकल्या आणि टेबल ठेवलं. दोनच वर्षांनी त्यांचे धाकटे भाऊ, माझे यजमान, गेले. नातेवाईक म्हणत होते, सुमनला तिच्या भावाकडं पोचवून या. तुम्ही इस्त्री गरम करत होतात. वळूनसुद्धा न बघता म्हणालात, "ती इथं राहील. मला निऱ्या धरायला माणूस लागतं." तेव्हा निऱ्यांचं काम सुरूसुद्धा झालं नव्हतं, आपण नुसत्या इस्त्र्या करत होतो. निऱ्यांचं काम नंतर आलं, कंप्युटर कंपन्यांतल्या मुलींना साडी नेसता येईना तेव्हा. आपण निऱ्या घालून, चिमटे लावून, इस्त्री फिरवून, पदराच्या पट्ट्या बसवून तयार घडी द्यायची आणि त्यांनी ती परकरासारखी कमरेला अडकवायची. तुम्ही म्हणायचात, "आमच्या आज्यांनी हे पाहिलं असतं तर इस्त्री आपल्यावरच फिरवली असती."

हे काम बसून होत नाही. बसून घातलेल्या निऱ्या खाली तिरक्या जातात. तेव्हा सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत उभं. लग्नसराईत जेवणसुद्धा उभ्यानंच.

तुमच्या पायांचं मला कधी कळलं ते आठवत नाही, हळूहळूच कळलं. आधी गुडघ्यामागं निळे दोरे दिसायचे, कापडाचे सुटलेले धागे चिकटल्यासारखे. मग पोटरीवर जाड, वळलेल्या शिरा आल्या. गिऱ्हाइकांना कधी दिसल्या नाहीत. तुम्ही प्रत्येक नव्या मुलीला शिकवायचात की साडी जमिनीला टेकली पाहिजे, घोटा दिसला की नेसणं फसलं. त्या बिचाऱ्या हा नियम समजून माना डोलवायच्या. तो नियम तुमच्या पायांसाठी होता हे फक्त मला माहीत होतं. आणि संध्याकाळचं तर मलाच माहीत होतं. पाच वाजले की घोटा नाहीसा व्हायचा. मी अंगठ्यानं दाबून बघायचे, खळगा पडायचा आणि भरायला वेळ लागायचा. सकाळी उठलात की पाय पुन्हा जागेवर.

गिरीशला कळलं ते तुम्ही माळ्यावरचं गाठोडं काढायला स्टुलावर चढलात तेव्हा. साडी वर गेली, तो खाली उभा होता. त्यानं आवाज चढवला नाही. त्यानं फोनवर शोधून शिरांच्या डॉक्टरीणबाई काढल्या, आणि पहिल्या भेटीला आपल्या दोघींना घेऊन तोच गेला.

त्यांच्या दवाखान्याच्या भिंतीवर पायांची चित्रं होती, एका ओळीत सात. डॉक्टरीणबाईंनी काठीनं दाखवून कन्नडात समजावलं. पहिलं चित्र शून्याचं, पायावर काही दिसत नाही. एकला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरा. दोनला फुगलेल्या, वळलेल्या. तीनला सूज. चारला कातडी काळपट, कडक होते. पाचला एकदा जखम होऊन भरलेली. सहाला उघडी जखम. म्हणाल्या, दुखतं किती यावर हा आकडा ठरत नाही, पायावर काय दिसतं यावर ठरतो, आणि सगळ्यांत वरचं जे दिसेल तो आकडा लिहितात. त्या दिवशी त्यांच्याकडं गर्दी होती, तपासणीला पुढच्या आठवड्यात बोलावलं.

बाहेर आल्यावर गिरीश तुम्हाला म्हणाला, "आई, आता ठरवू. दोन निघालं तर तू म्हणशील तसं. तीन किंवा वर निघालं तर टेबल बंद, माझ्याकडं राहायला यायचं."

त्याचं घर शहराबाहेर, होसकोटेच्या वाटेवर, अकराव्या मजल्यावर. तुम्ही लगेच म्हणालात, "सरी." मला नवल वाटलं. इतक्या चटकन तुम्ही भाजीवालीलासुद्धा हो म्हणत नव्हतात.

घरी येताच विटा मागितल्यात. शेजारचं न्हाणीघर पाडलेलं होतं, त्यातल्या चार आणल्या. खाटेचे पायथ्याकडचे पाय विटांवर चढवले, वर साड्यांचं गाठोडं ठेवलं, आणि तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारपासून तुम्ही टाचा वर करून पडून राहिलात. इस्त्री मी एकटीनं केली. सकाळचा पहिला नंबर घेतला. रिक्षात तुम्ही पाय माझ्या मांडीवर ठेवून आडव्या बसलात. रिक्षावाल्यानं काळजीनं विचारलं, अम्मा, मोडलाय का? तुम्ही म्हणालात, मोडला नाही, परीक्षेला चाललाय.

डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला स्टुलावर उभं केलं. शिरा पाहिल्या, मशिननं रक्त कुठं उलटं फिरतं ते पाहिलं, घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला नाही. विचारलं, संध्याकाळी सूज येते का? तुम्ही म्हणालात, छे, काम करणाऱ्या बाईला येते तेवढी, स्वल्प. मग त्या माझ्याकडं वळल्या. "तुम्ही बरोबर राहता ना? संध्याकाळी येते का सूज?"

मी तुमच्या चपलांकडं बघत राहिले. काही बोलले नाही. त्यांना वाटलं असेल, हिला कन्नड येत नाही. त्यांनी दोन लिहिलं.

बाहेर येऊन तुम्ही बेकरीतून दोन खारे बन घेतलेत. "पास झाले गं, सुमे," म्हणालात, आणि कोपऱ्यावर उभ्यानं बन खाताना आपण इतक्या हसलो की तुम्हाला ठसका लागला. खरं सांगते, त्या हसण्यात माझं हसणं खोटं नव्हतं.

संध्याकाळी मात्र आपलं वाजलं. मी एवढंच म्हणाले की डॉक्टरला फसवून पाय फसत नाही. तुम्ही म्हणालात, "मी काय फसवलं? डॉक्टर दिसतं ते लिहितात. सकाळचा पाय माझाच आणि संध्याकाळचाही माझाच. त्यातला कुठला दाखवायचा ते मी ठरवणार." भांडणात मला उत्तर नेहमी दोन दिवसांनी सुचतं. हे तर तुम्ही गेल्यावर सुचतंय. पाय तुमचा होता अक्का, पण विचारलं मला होतं. तुम्ही काय दाखवायचं ते तुम्ही ठरवलंत. मी काय सांगायचं ते मी ठरवलं.

आणि ते मी तुमच्यासाठी ठरवलं नव्हतं. तुम्हाला शेवटपर्यंत वाटत राहिलं की सुमननं आपली बाजू राखली. माझी मान खाली होती तेव्हा माझ्या मनात तुमचं टेबल नव्हतं, तुमची मर्जी नव्हती. माझ्या मनात ही खोली होती, तुमच्याशिवाय. सकाळी उठून एकटीसाठी कॉफी करायची. दार वाजलं की मीच उघडायचं, मीच बोलायचं. तीन म्हटलं की तुम्ही जाणार. म्हणून मी तीन होऊ दिलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी घट्ट लांब मोजे दिले होते. ते चढवणं म्हणजे गादीला उशीचा अभ्रा घालणं. मी ओढायचे, तुम्ही खाटेला धरून शिव्या द्यायचात, शेवटी दोघी घामाघूम. आठ दिवस घातलेत, मग गाठोड्याच्या तळाशी गेले. मी शोधले नाहीत. हेही माझ्याच खात्यावर.

पुढच्या वर्षी घोट्याच्या आतल्या बाजूला तांबूस-काळा डाग आला. वाटलं इस्त्रीचा चटका असेल. पण तो पसरत गेला आणि कातडी ताणून बसवलेल्या अस्तरासारखी झाली. ते चौथं चित्र होतं, दोघींनाही कळलं. तपासणीची वेळ आली आणि तुम्ही मेंदी भिजवलीत. मी म्हटलं, पायाला? म्हणालात, समोरच्यांकडं लग्न आहे की. तळव्यापासून अर्ध्या पोटरीपर्यंत तुम्ही भरगच्च मेंदी काढून घेतलीत, नवरीसारखी. साठी उलटलेली बाई. डॉक्टरीणबाई बराच वेळ बघत राहिल्या आणि त्यांना हसू आवरेना. त्या म्हणाल्या, अम्मा, मी कातडी बघायची की नक्षी? आकडा लिहिला नाही. मेंदी गेली की या म्हणाल्या, आणि तेही संध्याकाळी या. मेंदी गेली. आपण गेलो नाही.

त्या डागावरच जखम झाली. चिमटा निसटून लागला, नखाएवढा ओरखडा. तो भरायच्या ऐवजी वाढत गेला. मी हळद लावली, तुम्ही राख लावलीत, आणि एक दिवस पायाला गुंडाळलेलं फडकं ओलं झालं तेव्हा मीच गिरीशला फोन केला. मी फोन केला अक्का, माझ्या हातून. तो मुलगा अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला. या वेळी विटा नव्हत्या, मेंदी नव्हती. डॉक्टरीणबाईंनी सहा लिहिलं आणि गिरीशकडं न बघता मला विचारलं, इतके दिवस कुठं होता?

मग चार महिने पट्ट्या. पायाच्या बोटांपासून गुडघ्यापर्यंत घट्ट, अर्ध्यावर अर्धी बसवत. पहिल्यांदा दवाखान्यातल्या सिस्टरनं दाखवलं, नंतर मी बांधत होते. तुम्ही म्हणायचात, निरीवर निरी चढवतेस तशीच बांधतेस, माझा पाय आता कोण नेसणार आहे? त्या दिवसांत तुम्ही पहिल्यांदा खुर्चीवर बसून राहिलात आणि मी टेबलापाशी उभी राहिले. बसल्या बसल्या तुम्ही मला फोनवर बोलायला लावलंत. गिऱ्हाईक पलीकडं, मी फोन धरून, आणि तुम्ही ओठांनी शब्द दाखवताय. मी अडखळले की डोळे वटारायचात. त्याच महिन्यांत मी शिकले. आज गिऱ्हाइकाचा फोन वाजला तर मी उचलते, हे तुमचं देणं आहे.

जखम भरली. आपण किती खूश होतो. डॉक्टरीणबाईंनी पाच लिहिलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, आता दोनवर कधी येणार? त्यांनी समजावलं की जखम भरली म्हणून पाय मागच्या आकड्यावर जात नाही. पाच म्हणजे इथं एकदा जखम होती.

त्याच दिवशी गिरीश म्हणाला, "आई, आता येतेस ना?" दवाखान्याच्या पायऱ्यांवर. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. नेहमीचं बघणं नव्हतं ते, अक्का. तुम्ही थकला होतात. त्या चार महिन्यांत तुम्हाला पहिल्यांदाच बसायची सवय झाली होती. तुम्ही वाट बघत होतात की मी म्हणेन, जा अक्का, इकडचं मी बघते. एवढंच म्हणायचं होतं. दोन वाक्यंसुद्धा नव्हती. मी रिक्षा बघायला खाली उतरले. माझ्या पाठीमागं तुम्ही म्हणालात, "दिवाळीनंतर बघू."

दिवाळीच्या आधीच एका सकाळी कॉफीचा पेला हातात असताना तुम्ही कलंडलात. हृदय थांबलं म्हणाले. लोक मला विचारतात, पायामुळं का? डॉक्टरीणबाईंना मी फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, नाही, ते वेगळं. मग मी त्यांना दुसरं विचारलं, सूज मी तेव्हाच सांगितली असती तर जखम टळली असती का? म्हणाल्या, टळलीच असती असं सांगता येत नाही, पण मोजे आणि उभं राहणं याबद्दल मी तुमच्या मागं लागले असते. त्या खोटं बोलल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

पण चार महिने तुमचा पाय जळत होता. अकराव्या मजल्यावर कदाचित जळला नसता. आणि तुमचा मुलगा माझ्या पाया पडतो.

इथवर चार दिवसांपूर्वी लिहून ठेवलं होतं. पुढचं आज लिहिते.

आज रविवार. गिरीश सकाळी आला, नेहमीसारखा. तुमचं कपाट आवरायचं होतं. तो एकेक साडी काढून माझ्याकडं देत होता आणि कुठली कुणाला द्यायची ते विचारत होता. मी टेबलाची कड धरली आणि म्हणाले, "गिरीश, त्या दिवशी तू पाया पडलास ते परत घे." त्याला कळेना. मग मी सांगितलं. "आईचे पाय रोज संध्याकाळी सुजायचे. पहिल्या तपासणीच्या आधीपासून. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं होतं. मी बोलले नाही. अक्का तुझ्याकडं गेल्या तर मी एकटी पडेन, म्हणून बोलले नाही." विटांचंही सांगितलं. पायऱ्यांवरचंही सांगितलं.

तो हातात साडी घेऊन खाटेवर बसला. म्हणाला, "तीन लिहिलं असतं तर आली असती ती?"

मी म्हणाले, कुरकुरत आली असती. पण आली असती. शब्द दिला होता.

तो उठून दारात गेला. बूट घातले. माझ्याकडं पाठ करून उंबऱ्यात उभा राहिला. रस्त्यावरून फुलवाली ओरडत गेली, ती परत फिरून गेली, तरी तो तसाच. मला वाटलं, आता हा जाईल आणि पुन्हा यायचा नाही, आणि ते बरोबरच होईल. मग बाहेर बघतच तो म्हणाला, "काकू, संध्याकाळी ती कशी असायची? मी कधी बघितलंच नाही."

तेव्हा मला उमगलं. तो नेहमी सकाळी यायचा. संध्याकाळी रस्ते तुंबतात म्हणून जेवून दोनला निघायचा. इतक्या वर्षांत त्यानं आपल्या आईचे संध्याकाळचे पाय पाहिले नव्हते. संध्याकाळची आई पाहिली नव्हती. विटा तर दवाखान्यासाठी होत्या, पण रविवारी तो यायच्या आधीही तुम्ही भिंतीला पाय लावून पडायचात, हे मला आज आठवलं.

मी सांगायला लागले. चार वाजले की तुम्ही बगळ्यासारख्या एका पायावर उभ्या राहायचात, मग दुसऱ्या. पाच वाजता पायाला म्हैस म्हणायला सुरुवात. साडेसहाला शेवटची घडी गेली की दाराला कडी लावून, साडी गुडघ्यात खोचून जमिनीवर उताण्या, टाचा भिंतीला वर लावून. आणि त्या अवस्थेत तुम्हाला सगळ्यांत जास्त बोलायला यायचं. कुठल्या नवरीची सासू कशी, कुणाचा पदर कुठं फाटला, आणि रोज शेवटी त्याच्यावर. तो लहानपणी टेबलाखाली झोपायचा ते. त्याला पहिली नोकरी लागली तेव्हा तुम्ही त्याच्यासमोर फक्त "बरं" म्हणालात आणि तो गेल्यावर भिंतीला पाय लावून तासभर रडलात, ते.

त्यानं विचारलं, कुठली भिंत?

मी खिडकीखालची दाखवली. तिथं तुमच्या टाचांच्या खोबरेल तेलाचे दोन डाग आहेत, गोल, काळपट. मी दर दिवाळीला चुना लावताना ते झाकायचे आणि ते पुन्हा वर यायचे. गिरीशनं बूट काढले. तो जमिनीवर आडवा झाला आणि त्यानं पाय भिंतीला लावले. तो तुमच्याहून उंच, त्याच्या टाचा डागांच्या वर गेल्या. मग तो थोडा मागं सरकला आणि टाचा बरोबर डागांवर आणल्या. छताकडं बघत म्हणाला, "मग? पुढं?"

मी जमिनीवर त्याच्या शेजारी बसले आणि पुढचं सांगितलं. दोन वाजून गेले होते. तो उठला नाही, आणि मीही बोलायची थांबले नाही.